द्राक्षचोथा

द्राक्षचोथा : द्राक्षांपासून रस किंवा वाइन तयार करताना फळे चेंगरून व दाबून द्रव काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या साली, बिया, देठ व गराचा अंश यांच्या ओलसर मिश्रणास द्राक्षचोथा म्हणतात. द्राक्षाचे शास्त्रीय नाव व्हिटिस व्हिनिफेरा असून त्याचा समावेश व्हायटेसी कुलात होतो. गाळपास घेतलेल्या फळांच्या वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के इतका ओला चोथा निघतो. म्हणजे दर चार-पाच टन द्राक्षांमागे सुमारे एक टन चोथा पडतो. गाळप करणाऱ्याच्या दृष्टीने हा टाकाऊ पदार्थ असला, तरी द्राक्षातील रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये यांचा मोठा भाग, आम्लद्रव्यांचा काही अंश आणि तेल जवळजवळ सर्वच रसात न उतरता चोथ्यात राहते. त्यापासून टार्टारिक अम्ल, खाद्य रंग, बियांचे तेल, टॅनिने व मद्यार्क ही उत्पादने मिळविता येतात. महाराष्ट्रात वाइन उद्योग मुख्यतः नाशिक जिल्ह्यात एकवटलेला असल्याने चोथ्याच्या उपयोगाचा प्रश्नही प्रामुख्याने त्याच जिल्ह्याचा आहे.

प्रकार : चोथ्याचे गुणधर्म तो कोणत्या प्रक्रियेतून निघाला यावर अवलंबून असतात. पांढरी वाइन करताना द्राक्षे दाबून रस आधी वेगळा करतात व नंतर तो आंबवितात. त्यामुळे पांढऱ्या वाइनच्या चोथ्यात न आंबलेली शर्करा असते, मद्यार्क नसतो. तांबडी वाइन करताना साली व बिया रसासह कित्येक दिवस आंबू देतात व मग दाबतात. या चोथ्यातील शर्करा संपलेली असते. त्याऐवजी त्यात अडकून राहिलेल्या वाइनमधील मद्यार्क आढळतो. किण्वनाच्या काळात सालीतील रंग व बियांतील टॅनिने यांचा काही भाग वाइनमध्ये उतरतो, तरी बराच भाग मागेच राहतो. घडांचे देठ बहुधा चेंगरण्यापूर्वीच यंत्राने वेगळे काढतात. ते चोथ्यात मिसळले आहेत की नाहीत, यावरही त्याचे संघटन बदलते.

वाइन मुरत असताना टाकीच्या तळाशी यीस्ट, गराचे सूक्ष्म कण व स्फटिक यांचा गाळ बसतो आणि टाकीच्या भिंतींवर खरखरीत पापुद्रे धरतात. हे दोन्ही पदार्थ चोथ्याहून वेगळे असले, तरी टार्टारिक अम्लाच्या निर्मितीत त्यांचा विचार चोथ्याबरोबरच करतात. किंबहुना त्या अम्लाच्या दृष्टीने ते चोथ्यापेक्षा अधिक समृद्ध असतात.

रासायनिक संघटन : ताज्या चोथ्यात पाण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के असते. वाळविलेल्या चोथ्याच्या वजनात बियांचा वाटा साधारणपणे ४० ते ५० टक्के असतो. उरलेला भाग मुख्यतः सालींचा असतो. सालींत सेल्युलोज, पेक्टिन, पोटॅशियमाची लवणे, टॅनिने व काळ्या जातींत अँथोसायनीन वर्गातील रंगद्रव्ये असतात. बियांत लिग्निनयुक्त कठीण कवच, १० ते २० टक्के तेल आणि मोठ्या प्रमाणात टॅनिने असतात. द्राक्षफळातून निष्कर्षणाने मिळू शकणाऱ्या एकूण फिनॉलिक संयुगांपैकी सुमारे ६० ते ७० टक्के बियांत व सुमारे ३० टक्के सालीत असतात. खाण्याचा गर व रस यांच्या वाट्याला उरलेला अल्प भाग येतो. ज्या भागासाठी द्राक्ष पिकविले जाते तो भाग या संयुगांच्या बाबतीत सर्वांत निर्धन असतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

इतिहास : वाइनच्या पिंपांत जमणाऱ्या पापुद्र्यांचा उपयोग यूरोपात फार पूर्वीपासून होत असे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७६९ मध्ये या पापुद्र्यांपासून टार्टारिक अम्ल वेगळे केले. चुन्याच्या साहाय्याने अम्लाचे अविद्राव्य लवण बनवावयाचे आणि सल्फ्यूरिक अम्लाने ते पुन्हा मुक्त करावयाचे, ही त्यांची पद्धत तत्त्वतः आजही वापरात आहे.

रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा शोध याच टाकाऊ पदार्थातून लागला. सामान्य टार्टारिक अम्लाचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवितो. परंतु फ्रान्समधील एका कारखान्यात टार्टारिक अम्लाच्या निर्मितीत कधीकधी मिळणारे रेसिमिक अम्ल त्याच संघटनाचे असूनही प्रतल वळवीत नसे. लूई पाश्चर यांनी १८४८ मध्ये रेसिमिक अम्लाच्या सोडियम अमोनियम लवणाचे स्फटिक तपासले, तेव्हा त्यांत एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारखे दोन प्रकार दिसून आले. ते त्यांनी हातांनी निवडून वेगळे केले. एका प्रकाराचा विद्राव प्रतल उजवीकडे व दुसऱ्याचा तितक्याच प्रमाणात डावीकडे वळवीत होता. रेणूंच्या त्रिमितीय रचनेच्या अभ्यासाचा हा आरंभ होय. पुढे १८५८ मध्ये सूक्ष्मजीव टार्टारिक अम्लाच्या दोन प्रकारांपैकी उजवीकडे वळविणारा प्रकार आधी खाऊन टाकतात, असेही त्यांना आढळले. चोथ्याच्या दृष्टीने या निरीक्षणाला व्यावहारिक अर्थही आहे : द्राक्षातील नैसर्गिक अम्ल याच प्रकारचे असल्याने ओला चोथा पडून राहिल्यास त्यातील अम्ल सूक्ष्मजीवांच्या भक्ष्यस्थानी पडते.

सालींपासून काढलेला रंग इटलीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तयार होत आहे. चोथ्याचे ऊर्ध्वपातन करून इटलीत ‘ग्रापा’ व फ्रान्समध्ये ‘मार’ ही मद्ये बनविण्याची परंपरा जुनी आहे. बियांतील संघनित टॅनिनांचा अभ्यास मात्र विसाव्या शतकातील आहे. बॉर्दो येथील झाक मास्केलिए यांनी १९४७ मध्ये शेंगदाण्याच्या तांबड्या फोलपटांतून अशी संयुगे वेगळी केली व पुढे तीच संयुगे त्यांनी द्राक्षाच्या बियांतून मिळविली. शेंगदाणे भाजून चोळल्यावर पाखडून टाकले जाणारे फोलपट आणि द्राक्षाची थुंकून टाकलेली बी यांतून एकाच वर्गाची संयुगे मिळावीत, यावरून टाकाऊ म्हणून दुर्लक्षिलेल्या वनस्पतिभागांच्या रासायनिक तपासणीचे महत्त्व ध्यानात येते.

नाशिक परिसरातील स्थिती : भारतातील द्राक्ष उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा असून राज्यात नाशिक जिल्हा अग्रेसर आहे. निफाड, दिंडोरी, नाशिक व चांदवड या तालुक्यांत द्राक्षबागांचे मोठे क्षेत्र आहे. पूर्वी येथे भोकरी, फकडी या बिया असलेल्या जाती लावीत. ती द्राक्षे ताजी खाल्ली जात व बिया घरोघर विखुरल्या जात. त्यामुळे त्या एके ठिकाणी गोळा होण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे थॉम्सन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या बीजरहित जातींनी त्यांची जागा घेतली. ताजी फळे, निर्यात व बेदाणा यांसाठी या जाती उत्तम असल्या, तरी बियांचे तेल किंवा बियांतील टॅनिने यांच्या दृष्टीने त्या निरुपयोगी आहेत.

वाइनच्या जातींमुळे बिया पुन्हा मोठ्या प्रमाणावर एकत्र येऊ लागल्या. पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे १९८० नंतरच्या दशकात वाइननिर्मिती सुरू झाली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सुला या कंपनीने १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली व २००० मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखली. त्यानंतर जिल्ह्यातील वाइनरींची संख्या वाढली. कॅबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ व झिनफँडेल या काळ्या आणि शेनिन ब्लाँ व सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या जाती येथे लावतात. या सर्व जाती बियायुक्त असून त्यांची फळे लहान व साली तुलनेने जाड असतात. म्हणून त्यांच्या चोथ्यात उपयुक्त संयुगांचे प्रमाण चांगले असते.

पुण्याजवळील मांजरी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये स्थापन झाले. तेथे पुसा नवरंग व फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून मांजरी मेडिका ही रसासाठी योग्य जात विकसित करण्यात आली. बहुतेक काळ्या द्राक्षांत रंग केवळ सालीत असतो. या जातीत तो गरातही असल्याने तिचा रस आणि चोथा हे दोन्ही रंगद्रव्याने समृद्ध असतात.

नासणे व साठवण : चोथ्याच्या उपयोगातील सर्वांत मोठी अडचण निष्कर्षणाची नसून वेळेची आहे. चोथ्यात पाणी, शर्करा, यीस्ट व हवा एकत्र असतात. ढीग घातल्यावर काही तासांतच तो आतून तापू लागतो. मद्यार्काचे ॲसिटिक अम्लात रूपांतर होऊन शिर्क्याचा वास येतो, पृष्ठभागावर बुरशी वाढते, रंगद्रव्यांचे ऑक्सिडीभवन होऊन चोथा तपकिरी पडतो व बियांतील तेलाची आम्लता वाढते. यूरोपात द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थंडी सुरू होताना होते. त्यामुळे चोथा खड्ड्यात दाबून हवाबंद केल्यास तेथे तो बराच काळ टिकतो. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात होते व हंगामाच्या अखेरीस दिवसाचे तापमान ३५° से.च्या वर जाते. म्हणून यूरोपीय पद्धती जशाच्या तशा येथे लागू पडत नाहीत.

तथापि हेच हवामान दुसऱ्या दृष्टीने अनुकूल आहे. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये या भागातील हवा कोरडी व ऊन कडक असते. चोथा पातळ थरात पसरल्यास तो इंधनाविना वाळतो. बेदाणा वाळविण्याची परंपरा याच कोरड्या हवेवर उभी आहे. मात्र उन्हाने अँथोसायनिनांचा नाश होतो. म्हणून काळ्या सालींचा रंग काढावयाचा असल्यास त्या ताज्या असतानाच निष्कर्षणास घ्याव्या लागतात किंवा सावलीत वाळवाव्या लागतात. बियांना मात्र ऊन चालते. अवेळी पाऊस वा गारपीट झाल्यास उघड्यावरचा चोथा भिजून वाया जातो. बिया व साली ताज्या चोथ्यापासूनच चाळणयंत्राने वेगळ्या करणे आणि बियांतील पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणणे, ही पुढील सर्व क्रियांची पूर्वअट होय.

टार्टारिक अम्ल : द्राक्षात हे अम्ल मुख्यतः पोटॅशियम बायटार्टरेट या लवणाच्या रूपात असते. फळांमध्ये टार्टारिक अम्लाचे मोठे प्रमाण क्वचित आढळते. महाराष्ट्रातील वाचकांस परिचित असे दुसरे उदाहरण चिंचेचे होय. पोटॅशियम बायटार्टरेटाची विद्राव्यता तापमानानुसार फार बदलते. १०० मिलि. पाण्यात २०° से.ला ते सुमारे ०·५७ ग्रॅ. विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे ६ ग्रॅ., म्हणजे दसपट विरघळते. मद्यार्काच्या सान्निध्यात विद्राव्यता आणखी घटते व म्हणूनच वाइन मुरताना टाकीत स्फटिक पडतात. निष्कर्षणासाठी चोथा गरम पाण्याने धुतात, निवळ गाळून घेतात व थंड होऊ देतात. लवणाचे स्फटिक तळाशी बसतात.

निवळात विरलेला चुना किंवा कॅल्शियम कार्बोनेट घातल्यास अम्लाचा निम्मा भाग अविद्राव्य कॅल्शियम टार्टरेटाच्या रूपात खाली बसतो व उरलेला निम्मा उदासीन पोटॅशियम टार्टरेट म्हणून विद्रावात राहतो. नंतर कॅल्शियम क्लोराइड घालून हाही भाग अवक्षेपित करतात. अवक्षेप धुऊन त्यावर विरल सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया केली असता जिप्सम वेगळे होते व टार्टारिक अम्ल विद्रावात मुक्त होते. हा विद्राव निर्वातात आटवून स्फटिक मिळवितात. लहान वाइनरीस शेवटची क्रिया परवडत नाही. परंतु कॅल्शियम टार्टरेट वाळवून पोत्यांत भरून ठेवता येते व मोठ्या कारखान्यास विकता येते.

या अम्लाचा उपयोग पेये, मिठाई, बेकिंग पावडर, औषधे व कातडी कमावणे यांत होतो. सोडियम पोटॅशियम टार्टरेट म्हणजे रोशेल लवण आरसे चांदी करण्यासाठी व फेलिंग विद्रावात वापरतात. वाइन उद्योगासही या अम्लाची गरज असते. उष्ण प्रदेशात पिकलेल्या द्राक्षांची आम्लता कमी पडते व ती वाढविण्यासाठी रसात टार्टारिक अम्ल घालतात. म्हणजे चोथ्याबरोबर जे बाहेर टाकले जाते, तेच पोत्यातून विकत आणावे लागते.

रंगद्रव्ये : काळ्या सालींतील अँथोसायनिनांपैकी माल्व्हिडीन ग्लुकोसाइड हे बहुतेक वाइनच्या जातींत प्रमुख असते. रंग काढण्यासाठी साली किंचित आम्लधर्मी पाण्यात, बहुधा सल्फर डाय-ऑक्साइड विरघळविलेल्या पाण्यात, भिजवितात. विद्राव गाळून शोषक रेझिनांच्या स्तंभातून नेल्यास रंगद्रव्य रेझिनावर धरून राहते व शर्करा आणि लवणे वाहून जातात. मग मद्यार्काने रंग सोडवून घेतात. सर्व क्रिया शक्यतो ५०° ते ६०° से.च्या खाली ठेवाव्या लागतात, कारण अधिक उष्णतेने रंग झपाट्याने जातो. शेवटी निर्वातात आटवून अर्क किंवा फवाऱ्याने वाळवून भुकटी करतात. हा रंग आम्लधर्मी माध्यमात तांबडा दिसतो व आम्लता कमी होताच फिका, मग निळसर होतो. म्हणून तो सरबते, जेली व मुरंबे यांस योग्य आहे. दुधाच्या पदार्थांत त्याची छटा बदलते.

बियांचे तेल : वाळलेल्या बिया दाबून किंवा हेक्झेन या विद्रावकाने तेल काढतात. दाबून काढलेले तेल कमी मिळते, पण त्यात विद्रावकाचा अंश राहण्याचे भय नसते. क्रांतिक अवस्थेपलीकडील कार्बन डाय-ऑक्साइडाने, म्हणजे ३१° से.हून अधिक तापमानाच्या व वातावरणीय दाबाच्या ७३ पटींहून अधिक दाबाखालील वायूने, तेल काढण्याची पद्धतही आहे. तीत विद्रावक आपोआप उडून जातो, परंतु यंत्रसामग्री खर्चिक असते. तेलातील वसाम्लांपैकी सुमारे ६५ ते ७५ टक्के लिनोलीइक अम्ल असते. तेल फिकट हिरवट पिवळे असून त्याचा उपयोग स्वयंपाक व सौंदर्यप्रसाधने यांत होतो. असंतृप्ततेमुळे ते लवकर खवट होते, म्हणून प्रकाश व हवा यांपासून जपावे लागते.

तेलाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. एक टन द्राक्षांमागे वाळलेल्या बिया साधारणपणे २० ते ३० किग्रॅ. मिळतात व १२ टक्के उतारा धरल्यास तेल अडीच ते साडेतीन किग्रॅ. निघते. वर्षाला ५०० टन द्राक्षे गाळणाऱ्या वाइनरीकडे १० ते १५ टन बिया जमतील. एखादा यांत्रिक घाणा त्या थोड्याच दिवसांत संपवील व उरलेले वर्ष रिकामा राहील. यावरून एकेका वाइनरीने स्वतंत्र तेलघाणा घालण्यापेक्षा अनेक वाइनरींच्या बिया एकत्र करणे का इष्ट आहे, ते स्पष्ट होते.

टॅनिने व इतर फिनॉलिक संयुगे : तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत टॅनिने शाबूत राहतात, कारण ती हेक्झेनमध्ये विरघळत नाहीत. पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणाने ती काढता येतात. अर्कातील फिनॉलिक संयुगांचे एकूण प्रमाण ठरविण्यासाठी फोलिन व चोकाल्तेउ यांच्या नावाने ओळखली जाणारी निळ्या रंगाची चाचणी वापरतात. टॅनिनांचा उपयोग कातडी कमावणे, लाकूड चिकटविण्याची द्रव्ये व तेलातील खवटपणा रोखणे यांत होतो.

द्राक्षबियांचा अर्क आरोग्यपूरक म्हणून अनेक देशांत विकला जातो. सालीत अल्प प्रमाणात असणारे रेझव्हेराट्रॉल हे संयुग १९७६ मध्ये द्राक्षवेलीत आढळले. बुरशीचा प्रादुर्भाव झाल्यास वेल ते संरक्षणार्थ तयार करते. प्रयोगशाळेत या संयुगांचे ऑक्सिडीभवनरोधक गुण दिसून आले असले, तरी माणसांतील रोगांवर ती गुणकारी असल्याचे दावे पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेले नाहीत. परीक्षानळीतील गुण व शरीरातील परिणाम यांत गल्लत करणे योग्य नव्हे.

निष्कर्षणाचा क्रम : एकाच चोथ्यातून अनेक पदार्थ काढावयाचे असल्यास क्रमाला निर्णायक महत्त्व असते. मद्यार्कासाठी चोथ्यातून आधी वाफ सोडली, तर उष्णतेने रंग नष्ट होतो. म्हणून रंग प्रथम काढावा लागतो. बिया सालींसह कुजू दिल्या, तर तेलाचा दर्जा घसरतो. म्हणून त्या पहिल्याच दिवशी वेगळ्या कराव्या लागतात. बियांतून तेल आधी व टॅनिने नंतर काढतात. टार्टरेटासाठी गरम पाणी रंग काढून झाल्यावर वापरतात. जी क्रिया पुढील पदार्थाचा नाश करते ती शेवटी ठेवावयाची, असा या क्रमाचा सामान्य नियम सांगता येईल. महाराष्ट्रात मद्यार्काचे ऊर्ध्वपातन व विद्रावक म्हणून मद्यार्क बाळगणे या दोन्ही गोष्टी १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली नियंत्रित असून त्यांसाठी परवाना लागतो.

खत, पशुखाद्य व इंधन : ज्या चोथ्यावर रासायनिक प्रक्रिया होत नाही तो बहुधा खताकडे जातो. त्यात पोटॅशियम भरपूर असते, परंतु आम्लता व टॅनिने यांमुळे तो लवकर कुजत नाही. ताजा चोथा सरळ मातीत मिसळल्यास कोवळ्या मुळांना अपाय होतो. शेण, पालापाचोळा व थोडा चुना मिसळून आणि ढीग वरचेवर उलथून काही महिने कुजविल्यास त्याचे चांगले खत होते व वेलीने जमिनीतून उचललेले पोटॅशियम बागेस परत मिळते. ओल्या ढिगांतून पाझरणारे आंबट पाणी मात्र विहिरी व ओढे यांपासून दूर ठेवावे लागते, कारण त्यातील सेंद्रिय द्रव्य पाण्यातील ऑक्सिजन शोषून घेते.

पशुखाद्य म्हणून चोथ्याचे मूल्य मर्यादित आहे. टॅनिने प्रथिनांशी बद्ध होतात व बियांचे कवच पचत नाही. शिवाय बागेत वापरलेल्या बोर्डो मिश्रणातील तांब्याचा अंश सालींवर राहिल्यास तो मेंढ्यांना विशेष घातक ठरतो. निष्कर्षणानंतर उरलेली बियांची पेंड इंधन म्हणून चांगली जळते.

नाशिक भागात वेलीची वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. तिच्यातून निघणाऱ्या काड्यांतही रेझव्हेराट्रॉल व त्याच्या वर्गातील संयुगे असतात. काड्यांचे तुकडे करून ते वेलीच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरण्याची पद्धत रूढ होत आहे. काड्या जाळण्यापेक्षा ती निश्चितच हितकर आहे.

अवशिष्ट कीटकनाशके : भुरी, केवडा व इतर रोगांपासून संरक्षणासाठी द्राक्षांवर वारंवार फवारणी करावी लागते. फवाऱ्यांतील द्रव्ये सालीवर टिकतात आणि त्यांपैकी मेदविद्राव्य द्रव्ये तेलासोबत व अर्कासोबत अधिक सांद्र स्वरूपात उतरू शकतात. निर्यातीच्या द्राक्षांना या प्रश्नाचा अनुभव आला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे यूरोपात भारतीय द्राक्षांची मोठी अडचण झाली. म्हणून खाद्य वा औषधी उपयोगासाठी घ्यावयाचा चोथा कोणत्या बागेतील आहे, तीत शेवटची फवारणी कधी झाली, याची नोंद असणे अनिवार्य ठरते.

आर्थिक विचार : चोथ्यातील कोणतेही एक उत्पादन एकट्याने फारसे किफायतशीर ठरत नाही. टार्टारिक अम्लास संश्लेषणाने तयार केलेल्या अम्लाशी, बियांच्या तेलास इतर खाद्य तेलांशी व रंगास इतर वनस्पतिज रंगांशी स्पर्धा करावी लागते. शिवाय हंगाम तीन महिन्यांचा, माल नाशवंत व त्यातील निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असल्याने लांबची वाहतूक म्हणजे पाण्याची वाहतूक होय. यूरोपात हा प्रश्न वाइनउत्पादक प्रदेशांतील सामायिक ऊर्ध्वपातनशाळांनी सोडविला. त्या अनेक उत्पादकांचा चोथा गोळा करतात व त्यापासून मद्यार्क, टार्टरेट, बिया व खत ही उत्पादने क्रमाने काढतात.

नाशिक जिल्ह्यात वाइनरी एकमेकींपासून फार दूर नाहीत व सहकारी संस्था चालविण्याचा अनुभव या भागास आहे. त्यामुळे अशी सामायिक व्यवस्था भौगोलिक दृष्ट्या शक्य आहे. परंतु तिची उभारणी यंत्रसामग्रीच्या निवडीपासून नव्हे, तर चोथ्याच्या सर्वेक्षणापासून करणे आवश्यक आहे : कोणत्या जातीचा, काळा की पांढरा, बियांसह की बियांविना, कोणत्या आठवड्यात व किती टन चोथा कोठे पडतो, हे प्रथम कळावयास हवे. प्रयोगशाळेत मूठभर सालींपासून उत्तम अर्क मिळतो. ढीग मात्र दोन दिवसांत आंबतो. चोथा संपत्ती ठरतो की उपद्रव, हे पुष्कळदा या दोन दिवसांतच ठरून जाते.